यंत्राच्या घरचा दुभाष्या

संगणकाला मराठी येत नाही, तशी इंग्रजीही येत नाही. इंग्रजी ही त्याची मातृभाषाच आहे असा सर्वसाधारण समज असतो, आणि मुलांना इंग्रजी शाळेत घालण्याच्या अनेक कारणांत हेही एक कारण आईबाप मोठ्या गंभीरपणे सांगतात. वस्तुतः त्या यंत्राला कळतात ते नुसते आकडे. कोणत्या आकड्याचा अर्थ बेरीज आणि कोणत्याचा अर्थ ‘इथले उचल, तिथे ठेव’, हे त्याच्या बनावटीतच ठरून गेलेले असते. ज्यांना आपण संगणकाच्या भाषा म्हणतो त्या सगळ्या माणसांनी माणसांच्या सोयीसाठी रचलेल्या आहेत. यंत्रापर्यंत त्या पोचतात त्या भाषांतर होऊनच.

भाषांतर हा शब्द आला म्हणून एक खुलासा करते. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. अनुवाद, रूपांतर, भावानुवाद यांतले भेद दरवर्षी फळ्यावर लिहून देते आणि दरवर्षी मुले ते परीक्षेनंतर विसरतात. पण भाषांतराचा जो प्रकार मी गेल्या वर्षभरात घरातल्या जेवणाच्या टेबलावर पाहिला, तो आमच्या अभ्यासक्रमात नाही. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरात संगणक शिकणारे कोणीतरी असेल. ते खोलीचे दार लावून आत काय करीत असते याचा थोडासा अंदाज यावरून यावा.

भाषांतर दोन तऱ्हांनी होते. एक, सगळे पुस्तक आधी दुसऱ्या भाषेत उतरवायचे आणि मग ते वाचकाच्या हाती द्यायचे. दुसरी तऱ्हा दुभाष्याची. परदेशी पाहुणा बोलत असतो आणि दुभाष्या शेजारी उभा राहून वाक्यागणिक अर्थ सांगत असतो. संगणकाच्या जगात पहिल्या प्रकारच्या भाषांतरकाराला कंपायलर म्हणतात. अमेरिकेच्या ग्रेस हॉपर या गणिती बाईंनी १९५२ साली असा एक भाषांतरकार प्रथम तयार केला. पुढे त्या आरमारात रिअर ॲडमिरलच्या हुद्द्यापर्यंत चढल्या, ते वेगळेच. दुसऱ्या प्रकाराला इंटरप्रिटर म्हणतात. म्हणजे दुभाष्याच.

पहिल्या पंथातली सर्वांत नामांकित भाषा म्हणजे ‘सी’. डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास ती रचली आणि १९७८ साली ब्रायन कर्निघन यांच्याबरोबर तिच्यावर पुस्तक लिहिले. भाषा मोठी करड्या शिस्तीची. कोणतेही नाव वापरण्यापूर्वी ते कोणत्या जातीचे, म्हणजे पूर्णांक की अपूर्णांक की अक्षर, हे आधी जाहीर करावे लागते. संस्कृतमध्ये जसे लिंग-वचन-विभक्ती ठरल्याशिवाय शब्द जागचा हलत नाही, तसेच हे. एकदा भाषांतर झाले की मात्र काम विजेसारखे चालते, कारण यंत्राच्या हातात थेट त्याचे आकडेच पडलेले असतात.

दुसऱ्या पंथातली आज घराघरांत पोचलेली भाषा म्हणजे ‘पायथॉन’. ॲमस्टरडॅमच्या एका गणितसंस्थेत काम करणाऱ्या गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत ती लिहायला घेतली आणि १९९१ साली लोकांपुढे ठेवली. अजगराशी त्या नावाचा संबंध नाही. ‘माँटी पायथन’ नावाची इंग्लंडमध्ये एक विनोदी नाटकमंडळी होती, तिच्यावरून ते घेतले आहे. ही भाषा बोलीसारखी मोकळी आहे. आज एका नावाखाली आकडा ठेवा, उद्या त्याच नावाखाली यादी ठेवा, ती काही विचारीत नाही. जात काय ते ऐन वेळी पाहून घेते. या मोकळेपणाची किंमत म्हणजे वेळ. प्रत्येक पावलाला दुभाष्याला थांबून पाहावे लागते, की समोर आले आहे ते नक्की काय आहे.

तेव्हा शहाण्या लोकांनी तोडगा काढला. मांडणी, बोलणीचालणी, फायली उघडणे-मिटणे हे सगळे पायथॉनमध्ये करावे, आणि जिथे कोट्यवधी वेळा एकच क्रिया करायची असेल तेवढा भाग सीमध्ये लिहून पायथॉनने त्याला फक्त हाक मारावी. आज शास्त्रज्ञ मंडळी पायथॉनमध्ये गणिते करतात, २०१९ साली कृष्णविवराचे जे पहिले छायाचित्र जगाने पाहिले त्यामागेही ती होती. पण प्रत्यक्ष आकडेमोडीचे जड काम आतल्या खोलीत सी आणि तिच्याहून थोरली फोर्ट्रान याच करीत असतात. पायथॉनचा नेहमीचा दुभाष्या स्वतःसुद्धा सीमध्येच लिहिलेला आहे, म्हणजे हे नाते माहेरचेच म्हणायचे.

पण हाक मारायची कशी? इथे खरी गंमत आहे. सीमध्ये लिहिलेले काम भाषांतर होऊन गेलेले असते. त्याला आता नावगाव उरलेले नसते. उरतो तो फक्त पत्ता, यंत्राच्या स्मरणातल्या कितव्या घरापासून ते काम सुरू होते तो आकडा. त्या पत्त्यावर जाऊन काम सांगायचे, तर द्यायच्या वस्तू नेमक्या ठरल्या जागी ठेवाव्या लागतात. आपल्याकडे पान वाढण्याची रीत आहे ना, मीठ वर मध्ये, लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे? जेवणारा न बघता हात घालतो आणि चटणीच्या जागी त्याला चटणीच मिळते. यंत्रातही अशीच पंगतीची रीत असते. आणि घराण्याघराण्यांत ती वेगळी असते. आजच्या साधारण संगणकांवर लिनक्सच्या घरी पहिले सहा पूर्णांक ठराविक सहा वाट्यांत वाढतात, विंडोजच्या घरी पहिले चार. यंत्र तेच, पण वाढप वेगळे.

ही रीत सांभाळणारा पायथॉनच्या घरचा दुभाष्या म्हणजे ‘सीटाइप्स’. थॉमस हेलर यांनी तो लिहिला आणि २००६ साली पायथॉनच्या २.५ या आवृत्तीबरोबर तो सर्वांना मिळू लागला. त्याला सांगायचे, अमुक लायब्ररी उघड (लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, सीच्या तयार कामांची पेटी), तीतले अमुक नावाचे काम शोध, त्याला या या वस्तू दे आणि उत्तर घेऊन ये. तो मुकाट्याने जातो आणि येतो.

त्याची एक खोड मात्र आहे. उत्तर कोणत्या जातीचे येणार हे आपण सांगितले नाही, तर तो गृहीत धरतो की साधा पूर्णांक येणार, बत्तीस बिटांचा. आजच्या संगणकातला पत्ता असतो चौसष्ट बिटांचा. सीने उत्तरादाखल पत्ता पाठवला, तर हा त्याचा खालचा अर्धा भाग ठेवतो आणि वरचा सोडून देतो. पाकिटावर ‘दुसरी गल्ली, घर क्रमांक ११’ एवढेच राहिले आणि गावाचे नाव फाटून गेले, अशी स्थिती. कधी दैवयोगाने वरच्या भागात शून्येच असतात आणि सगळे सुरळीत चालते. कधी मग तो अर्धा पत्ता घेऊन यंत्र भलत्याच्या दारात जाऊन उभे राहते, आणि सगळा कार्यक्रम एक अक्षर न बोलता जागच्या जागी कोसळतो. पायथॉन चुकले तर कुठल्या ओळीत काय चुकले ते सांगते. सीच्या घरात चूक झाली तर सांगायला कोणी शिल्लकच राहत नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. आमचे एक निवृत्त सर आहेत, वय शहाऐंशी. मी एम.ए.ला असताना त्यांनी मला शिकवले. त्यांनी आयुष्यभर जुन्या छापील पुस्तकांतून, पत्रांतून, पंचांगांच्या मलपृष्ठांवरून शब्द टिपून ठेवले. एका चिठ्ठीवर एक शब्द, खाली तो कुठे आला ते वाक्य. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरलेल्या या चिठ्ठ्या चाळीस हजारांवर गेल्या. दोनतीन विद्यार्थ्यांनी दोन उन्हाळ्यांत त्या संगणकावर उतरवून दिल्या. आता त्यांतली पुनरुक्ती काढून यादी शुद्ध करायची होती, आणि सरांच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. भिंगातून मोठी अक्षरे दिसत, तीही संध्याकाळी तासभर. किती महिने दिसतील हे डॉक्टरांनी सांगितले नाही, आणि सरांनी विचारले नाही.

पुनरुक्ती म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. १९६२ साली शासनाने साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार एका दिवसात निराधार झाले. ‘नाहीं’चे ‘नाही’ झाले, ‘कांहीं’चे ‘काही’ झाले, ‘कवि’ आणि ‘गति’ यांची शेवटची वेलांटी दीर्घ झाली. सरांच्या चिठ्ठ्या दोन्ही बाजूंच्या. एकच शब्द दोनदा, तीनदा. शिवाय टंकलेखन करणाऱ्यांनी आपापल्या परीने भर घातलेली.

माझी भाची संगणकाच्या शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या आमच्याकडेच राहते. ती म्हणाली, “मावशी, यात काय आहे? दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे ते मोजायचं आणि कमी असेल तर एक करून टाकायचं.” हे मोजण्याची रीत व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन या रशियन गणितज्ञांनी १९६५ साली मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी किती अक्षरे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, तो त्या दोन शब्दांतला फरक.

सरांना हे सांगितले. ते जरा थांबले आणि म्हणाले, “बाळ, दिन आणि दीन एक करशील? सुत आणि सूत? पाणि म्हणजे हात आणि पाणी म्हणजे पाणी, हे एक करशील?”

भाची गप्प झाली. सरांनी अट घातली. यंत्राने एकही शब्द आपणहून काढायचा नाही. संशयित जोड्या तेवढ्या पुढे ठेवायच्या, निकाल मी देईन. आणि ही अट बरोबरच होती. ‘नांव’ आणि ‘नाव’ हीच जोडी घ्या. जुन्या लेखनात एकाचा अर्थ नाम आणि दुसऱ्याचा होडी. आज दोन्ही ‘नाव’च. यंत्राने अनुस्वार पुसला असता तर एक सबंध होडी बुडाली असती.

प्रश्न मग हिशेबाचा झाला. चाळीस हजार शब्दांतला प्रत्येक शब्द उरलेल्या प्रत्येकाशी ताडायचा तर सुमारे ऐंशी कोटी जोड्या होतात. भाचीने हे पायथॉनमध्ये लिहिले आणि आमच्या जुन्या लॅपटॉपवर रात्री जेवणे झाल्यावर चालू केले. यादी पहाटे तयार झाली. संध्याकाळी सरांकडे नेली, तर त्यांनी दहा मिनिटांत नियम बदलला. “शेवटच्या वेलांटी-उकाराचा फरक धरूच नकोस. मधला असेल तर धर.” म्हणजे पुन्हा एक रात्र. दुसऱ्या संध्याकाळी ‘पाणि’ पुढे आला आणि नियम पुन्हा बदलला, “शून्य नको, अर्धा फरक धर आणि या जोड्या निराळ्या काढ.” आणखी एक रात्र. रोज तासभर डोळे, आणि त्यांतली दहा मिनिटे कामी येणार. असे दिवस सरांपाशी किती होते?

बाजारात फरक मोजणारी तयार साधने पुष्कळ आहेत आणि ती वेगवानही आहेत. पण त्यांना वेलांटी म्हणजे काय ते ठाऊक नाही. शेवटची आणि मधली यांत भेद करणे तर दूरच. मोजणारे काम सीमध्ये लिहावे, तर सरांचे नियम नुसते आकड्यांचे नव्हते. ते जर-तरचे होते. प्रत्येक नवा नियम म्हणजे सीमध्ये नवे वाक्य, मग कंपायलर चालवणे, तयार पेटी उघडणे, सगळे पहिल्यापासून. सर समोर बसलेले असताना ही उठाठेव व्हावी कशी?

इथे त्या फ्रेंच गृहस्थांची ओळख करून देणे भाग आहे. फाब्रिस बेलार हे त्यांचे नाव. संगणकावर आपण चित्रफिती पाहतो त्यांच्यामागे बहुधा ज्या एफएफएम्पेग या साधनाचा हात असतो, ते त्यांनीच सुरू केले. २००९ च्या अखेरीस त्यांनी ‘पाय’ या संख्येचे सुमारे २.७ लाख कोटी अंक काढले, तेही साध्या टेबलावरच्या संगणकावर. अत्यंत गूढ सी लिहिण्याची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. तिच्यात २००१ साली त्यांनी एक सबंध कंपायलरच लिहून पाठवला, मोकळ्या जागा आणि काही विरामचिन्हे सोडली तर २०४८ बाइटांत! बक्षीस अर्थातच मिळाले. त्याच बीजातून पुढे ‘टाइनी सी कंपायलर’, थोडक्यात टीसीसी, उभा राहिला. शंभर किलोबाइटांच्या आसपासचा हा जीव. मोबाइलवर येणाऱ्या शुभेच्छांच्या एका चित्रालाही त्याहून जास्त जागा लागते. २००४ साली बेलार यांनी त्याच्याकडून लिनक्सचा सबंध गाभा संगणक सुरू होता होताच भाषांतरित करवून घेऊन चालवून दाखवला, पंधरा सेकंदांच्या आत.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की टीसीसी हा पेटीच्या रूपातही मिळतो. एरवी कंपायलर हे स्वतंत्र दुकान असते. त्याला फाइल नेऊन द्यायची, तो दुसरी फाइल करून देतो. पेटीतला टीसीसी घरात येऊन काम करतो. त्याच्या हातात सीचा मजकूर द्यायचा, नुसती अक्षरांची माळ, फाइलही नको. तो स्मरणातच त्याचे भाषांतर करतो आणि तयार कामाचा पत्ता हातावर ठेवतो. पायथॉन त्या पत्त्याला हाक मारते. म्हणजे असे झाले, की पायथॉनने सीमध्ये मजकूर लिहायचा, सीमध्येच लिहिलेल्या भाषांतरकाराकडून तो सीटाइप्सच्या मार्फत भाषांतरित करून घ्यायचा, आणि लगेच वापरायचा. मी हे दोनदा ऐकले तेव्हा कळले.

भाचीने सीच्या मजकुराचा एक साचा केला, लग्नपत्रिकेत नावांच्या जागा रिकाम्या ठेवतात तसा. सर नियम सांगत, ती तो पायथॉनमध्ये टिपे, पायथॉन त्यातून सीची वाक्ये रचून साच्यात भरी, आणि टीसीसी ती पापणी लवते न लवते तोच भाषांतरित करी. अर्ध्या फरकासाठी अपूर्णांकांची कटकट नको म्हणून तिने सगळेच दामदुप्पट केले, पूर्ण फरक दोन आणि अर्धा एक.

अडचणी आल्याच. पहिली मराठीचीच होती. सीला अक्षर म्हणजे एक बाइट वाटतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या रूढ पद्धतीत तीन बाइट घेते. ही पद्धत १९९२ साली केन टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली असे सांगतात. पद्धत उत्तम आहे, पण तीत ह्रस्व आणि दीर्घ वेलांटीत दोन बाइटांचा फरक पडतो आणि ह्रस्व-दीर्घ उकारात एकाचाच. सी बाइट मोजीत होते, म्हणून ‘कवि-कवी’ यादीत खाली आणि ‘साधु-साधू’ वर येत होते. वेलांटीवर हा अन्याय का, हे भाचीने तासाभरात शोधून काढले. मग तिने शब्द बाइटांत न देता चिन्हांच्या क्रमांकांत दिले. ह्रस्व वेलांटी २३६७, दीर्घ २३६८, ह्रस्व उकार २३६९, दीर्घ २३७०, अनुस्वार २३०६. हे क्रमांक आता मलाही पाठ झाले आहेत. त्याचा वर्गात काहीही उपयोग नाही.

दुसरी अडचण ये-जा करण्याची. दुभाष्याला एकेका जोडीसाठी सीकडे धाडले तर प्रत्येक खेपेला पान वाढा, उत्तर आणा, त्याची जात तपासा, हे आलेच. एका खेपेला सेकंदाचा दहा लाखावा भाग धरला तरी ऐंशी कोटी खेपांना नुसत्या चालण्यात तेरा मिनिटांवर जातात. तेव्हा सगळेच शब्द एका लांबलचक रांगेत मांडून एकदाच सीच्या ताब्यात दिले, सोबत उत्तरे लिहायला एक रिकामी वही. वहीत किती पाने आहेत हेही सांगावे लागते. नाहीतर सी वही संपल्यावर टेबलावर लिहू लागते, टेबल संपल्यावर भिंतीवर. ती विचारीत नाही, हे मागे आलेच आहे.

तिसरी जराशी नाजूक आहे. टीसीसीने दिलेला पत्ता हा भाड्याच्या खोलीचा पत्ता असतो. मालकाला निरोप दिला की खोली गेली, मग जवळ पत्ता असून उपयोग नाही. म्हणून काम चालू आहे तोवर त्या कंपायलरला सोडायचे नाही. तशीच त्याची तक्रार ऐकण्याची सोय. मजकुरात चूक असेल तर टीसीसी उलट पायथॉनला हाक मारून सांगू शकतो, पण त्यासाठी ऐकणारा जागेवर हवा. पायथॉनला नको असलेल्या वस्तू आपणहून आवरून टाकण्याची सवय आहे, आणि सीच्या हाती दिलेला ऐकणारा कोणाच्या उपयोगाचा आहे हे तिला दिसत नाही. त्याला मुद्दाम धरून ठेवावे लागते.

टीसीसी भाषांतर झटपट करतो, पण त्यावर हात फिरवीत बसत नाही. मोठे कंपायलर मजकूर घोटून घोटून असा करतात की तो चालताना आणखी दोनतीन पटींनी वेगाने चालावा. आम्हांला ते नको होते. रात्रभराचे काम पाचसात मिनिटांवर आले, आणि तेवढा वेळ सरांचा चहाच चालतो.

त्यानंतरच्या संध्याकाळी पाहण्यासारख्या होत्या. सर खुर्चीत डोळे मिटून बसत. भाची जोडी वाचून दाखवी, अडले तर पडद्यावर तळहाताएवढी अक्षरे करून दाखवी. सर म्हणत, “एक.” किंवा “दोन.” मध्येच एखाद्या शब्दावर थांबत आणि तो कुठल्या पुस्तकातून, कोणाच्या घरी बसून टिपला ते सांगत. मी ते लिहून घेई. नियम बदलावासा वाटला तर तिथल्या तिथे बदलत. एकदा एका संध्याकाळी चार नियम झाले. पहिल्या ढोबळ नियमाने सहा हजारांवर जोड्या पुढे आल्या होत्या. त्या उतरत उतरत दीड हजारांच्या आत आल्या. ‘नांव’ आणि ‘नाव’ दोन ठेवले आहेत, होडीचे चित्रही काढा असे सरांचे सांगणे आहे.

पावसाळ्याच्या अखेरीस सरांना मोठी अक्षरेही दिसेनाशी झाली. काम थांबले नाही. आता भाची शब्द बोलते, वेलांट्या-उकारांसकट. “प-ला काना, ण-ला पहिली वेलांटी, आजोबा.” आमच्या शाळेतल्या शुद्धलेखनाच्या तासासारखे. ते ऐकून निकाल देतात. सातशे-आठशे जोड्या उरल्या आहेत.

सध्या अडले आहे ते ‘र’पाशी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या. दुसरीतला तो अर्धचंद्र संगणकावर दोन प्रकारे उमटवता येतो. एक, नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन. दुसरा, साधा ‘र’ घेऊन पुढे न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवून. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखी, यंत्राला मात्र निराळी. ज्या मुलांनी चिठ्ठ्या उतरवल्या त्यांतल्या कोणी पहिली रीत वापरली, कोणी दुसरी. न दिसणारी चिन्हे वगळ असा नियम भाचीने साच्यात घातला, तर दुसऱ्या रीतीच्या सगळ्या दऱ्या समुद्राला जाऊन मिळाल्या. तो नियम तिने लगेच काढला आणि आता आधी सर्व अर्धचंद्र एका रीतीचे करून मग मोजणार आहे. सरांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसले, आणि न दिसणाऱ्या त्या चिन्हाचा क्रमांक काय म्हणून विचारले. तो ८२०५ आहे.